गडावर कोणीच गेलं नाही

गिरधर आमच्या नाटक मंडळीत बावीस वर्षं होता आणि एवढ्या वर्षांत एकाही प्रेक्षकाने त्याचं तोंड पाहिलं नाही. तो प्रॉम्प्टर होता. डाव्या विंगेत, पडद्याच्या दोरांना खेटून तो एका खोक्यावर बसायचा. मांडीवर नाटकाची वही आणि हातात बॅटरी. मी रंगमंचावर राजा असायचो. अंगावर जरीचा अंगरखा, कमरेला तलवार, समोर हजार माणसं. पण वाक्य विसरलो की माझं सगळं राज्य त्या खोक्यावरच्या माणसाच्या ओठांवर येऊन बसायचं.

तो पाचोऱ्याजवळच्या एका खेड्यातला. एकोणिसाव्या वर्षी मंडळीत आला तो केवळ अक्षरामुळे. मुद्रण लाजेल असं अक्षर. नवं नाटक बसायचं ठरलं की गिरधर प्रत्येक नटासाठी त्याच्या भूमिकेची नक्कल लिहून काढायचा. नक्कल म्हणजे त्या नटाची वाक्यं आणि प्रत्येक वाक्याच्या आधीच्या बोलण्याचं शेपूट, एवढंच. ती नक्कल हातात पडली की आपण कोण ते नटाला कळायचं.

वहीवर त्याची श्रद्धा होती. एकदा धुळ्याकडच्या एका जत्रेत दरबाराचा प्रवेश चालू असताना थेट सिंहासनापर्यंत एक कुत्रं आलं. लोक हसायला लागले. मी वहीतलं वाक्य सोडलं आणि कुत्र्याला म्हणालो, "या सेनापती, उशीर केलात!" पुढची दहा मिनिटं मी त्या कुत्र्याला मोहिमेचा जाब विचारत होतो. लोकांनी टोप्या उडवल्या. दुसऱ्या दिवशी गिरधर माझ्या पंगतीला बसेना. मी विचारलं, "काय झालं रे?"

"नाना, कुत्रं वहीत नव्हतं."

गावोगाव व्हिडिओ आला आणि चौऱ्याऐंशी साली आमची मंडळी बंद पडली. मी जळगावला, पिंप्राळ्यात मुलाकडे राहायला आलो. गिरधरची बायको आधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक वाचनालय होतं. तिथे मी शब्द टाकला आणि त्याला पुस्तकं देण्याघेण्याचं काम मिळालं. कामात चोख. सोमवार ते शनिवार पुस्तकं. रविवारी वाचनालय बंद. पण तो रविवारीही येऊन मागच्या खोलीचं कुलूप काढायचा आणि नुसता बसायचा. एकदा मी विचारलं, तेव्हा म्हणाला, "नाना, रविवार संपतच नाही."

अठ्ठ्याऐंशी साली इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी खोली सोडून जाताना वाचनालयाला रद्दीचा गठ्ठा देऊन गेला. त्यात इंग्रजीतलं एक झेरॉक्स केलेलं पुस्तक होतं. वर तलवारी, गुहा आणि पंख फुटलेले सर्प. गिरधरचं इंग्रजी सातवीपर्यंतचं. शब्दकोश घेऊन तो चार महिने त्या पुस्तकाशी झुंजला आणि एका दुपारी माझ्या घरी आला.

"नाना, हा खेळ आहे. टेबलाभोवती बसायचं. एकाने गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं. आपला माणूस काय करतो ते ज्याचं त्याने सांगायचं. जमलं की नाही ते फाशांवर."

"मग हे नाटकच झालं की!"

"नाटकच. फक्त नकला नाहीत." हे म्हणताना त्याचा आवाज थोडा घाबरलेला होता.

रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत खेळायला आम्ही तिघं जमलो. मी एक. दुसऱ्या मंदाबाई. त्या मुलींना शिवणकाम शिकवायच्या. कापड आणि माणूस एका नजरेत मापायच्या. तिसरा पुना रिक्षावाला, धुळ्याकडचा, अहिराणी बोलणारा, सासुरवाडीच्या गल्लीत राहायला आलेला, त्यामुळे सगळ्या गल्लीच्या थट्टेचा धनी. फासे वाचनालयाच्या सापशिडीच्या डब्यातले. मंदाबाईंनी तलवारवाली व्हायचं ठरवलं. पुना चोर झाला. मी अर्थात राजा मागितला.

"राजा नाही मिळणार," गिरधर म्हणाला. "तुम्ही कुंभार."

"तीस वर्षं मी..."

"म्हणूनच."

त्याने शंभर पानी वही भरून गोष्ट लिहिली होती. तापीकाठचा एक राजा. त्याचा मुकुट चोरून सातपुड्यातल्या गडावर नेलेला. आम्ही नदी ओलांडायची, गड चढायचा, मुकुट आणायचा आणि शेवटच्या पानावर राजाचा जयजयकार करायचा. वाटेतलं एकूण एक झाड त्याने लिहून ठेवलं होतं.

आम्ही नदीसुद्धा ओलांडली नाही.

झालं असं. पहिल्याच रविवारी आम्ही नावेसाठी काठावरच्या गावात थांबलो. मंदाबाईंनी सहज विचारलं, "इथे प्यायला पाणी आहे का?"

गिरधरने वही चाळली. वहीत पाणी नव्हतं. त्याने तिथल्या तिथे ठोकून दिलं, "विहीर आहे, पण तिला कुलूप आहे."

"कोणी लावलं?"

"राजाने." त्याला दुसरं नाव सुचलं नाही. "गावाने लढाईला माणसं पाठवली नाहीत म्हणून."

मंदाबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे ज्याचा मुकुट आणायला आम्ही निघालो, त्यानेच?"

"हो, पण ते सोडा. नाव निघाली आहे," गिरधर घाईने म्हणाला. मग तो पुढे झुकला आणि मला फार ओळखीच्या असलेल्या त्या अर्ध्या आवाजात कुजबुजला, "म्हणा, चला, गडाकडे."

"गिरधरभाऊ, मला वाक्य देऊ नका," मंदाबाई म्हणाल्या. "मला त्या विहिरीची किल्ली पाहिजे."

तिथून पुढे दोन महिने ओढाताण चालली. आम्ही विहिरीकडे वळलो की गिरधर पूर आणायचा. पुराला बांध घातला की धुकं. धुक्यातून वाट काढली की समोर गड उभा. एका रविवारी पुना टेबलावर हात आपटून उठला. "भाऊ, उत्तरले गऊत तरी गड, दखनले गऊत तरी गड. ह्या गडले पाय शेतस का?"

मी हसलो. गिरधर हसला नाही. "खेळ माझा आहे. गोष्ट कुठे जाणार ते मी ठरवीन."

"मग तुम्ही एकटेच खेळा," मंदाबाई म्हणाल्या आणि पर्स उचलून निघून गेल्या.

पुढच्या रविवारी कोणी गेलं नाही. मीही नाही. चार वाजता मला राहवेना, म्हणून खोलीवर गेलो. गिरधरने चार स्टुलं मांडली होती, फासे मधोमध ठेवले होते आणि तो आपल्या जागेवर ताठ बसला होता.

"नाना, मी बावीस वर्षं माणसांना वहीवर आणलं. मला दुसरं येत नाही."

"मग शीक. लोक नाव सोडून विहिरीकडे पळाले. आपल्या नाटकात कोणी एवढं धावलं होतं का? ती विहीर तुझीच आहे, गाढवा. शंभर पानं लिहिलीस, त्यात विहीर नव्हती. तोंडातून निघाली, तेव्हा झाली."

त्याने मधला फासा उचलून उलटापालटा केला. मग त्याने विचारलं, "ते कुत्रं आलं तेव्हा पुढे काय होणार हे तुम्हाला माहीत होतं?"

"अजिबात नाही. पुढचं वाक्य कुठून येणार तेच कळत नव्हतं."

"दिसलं नाही."

"दिसायला नकोच."

त्या संध्याकाळी तो मंदाबाईंच्या घरी गेला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "अक्का, रविवारी या. विहिरीपाशीच सुरू करू."

मग मात्र मजा आली. गिरधर फक्त विचारायचा, "आता काय करता?" आणि आमचं ऐकून त्याला घाम फुटायचा, पण तो मागे हटायचा नाही. आम्ही त्या गावात राहिलो. मी मडकी घडवली. पुनाने राजाच्या चौकीतली किल्ली चोरली आणि पळताना नदीत पाडली. गावकऱ्यांना नावं मिळाली, भांडणं मिळाली. खिडकीखाली समोरच्या घरातल्या झुंबरबाई गहू निवडत बसायच्या. केळीच्या बागांत आयुष्य गेलेली बाई, तिखट कानांची. त्या रविवारचं सगळं सोमवारी नळावर सांगायच्या, त्यामुळे विहिरीला कुलूप आहे हे अख्ख्या गल्लीला ठाऊक झालं.

तेच आबांच्या कानावर गेलं. वना आबा वाचनालयाचे अध्यक्ष होते. शिस्तीचा माणूस. वाचनालयात पंखा कोणत्या तारखेला सुरू करायचा हेसुद्धा ठरावाने ठरायचं. त्यांनी गिरधरला आणि मला बोलावून घेतलं.

"वाचनालयात फासे? उद्या लोक म्हणतील, इथे जुगार चालतो."

"जुगार नाही आबा, गोष्ट आहे," गिरधर म्हणाला.

"गोष्ट असेल तर लेखी द्या. सव्वीस जानेवारीला वर्धापनदिन आहे. कमिटीसमोर करून दाखवा. कोण काय बोलणार ते आधी लिहून माझ्याकडे द्या, मी सही करतो. चांगलं असेल तर रविवारी खोली तुमची. नाहीतर कुलूप."

"या खेळात आधी लिहिता येत नाही."

"बावीस वर्षं प्रॉम्प्टर होतास ना? संहितेशिवाय कधी प्रयोग झाला का?"

गिरधर नमस्कार करून उठला. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "नाना, खोली गेली तर पुन्हा तेच रविवार."

आणि त्याने नकला लिहिल्या. त्याच मोत्यासारख्या अक्षरात. मुकुट, नाव, गड, जयजयकार. विहीर नाही. राजाची भूमिका खुद्द आबांसाठी, म्हणजे शेवटी मुकुट त्यांनाच मिळावा. आबांनी प्रत्येक पानावर सही केली. खेळाच्या आदल्या रविवारी त्याने आमच्या हातात एकेक नक्कल दिली, तेव्हा त्याची नजर वर उठत नव्हती.

"एक दिवस," तो म्हणाला. "एवढा एक दिवस वहीप्रमाणे करा. मग सगळे रविवार आपले."

पुनाने नक्कल उलटीपालटी करून पाहिली. "मी चोर. आनी मुकुट परत करस?"

"करा हो पुनाभाऊ," मंदाबाई म्हणाल्या. "माणूस किती कळवळून सांगतोय." पण नक्कल त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत धरली होती.

सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडावंदन झालं, चहा झाला आणि खोलीत पन्नासेक माणसं दाटली. मधल्या खुर्चीवर आबा, गळ्यात हार. आम्ही टेबलाभोवती. गिरधर पांढऱ्या सदऱ्यात. इतक्या लोकांसमोर त्याला मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि त्याचे हात वहीच्या कडेवर टेकून शांत होते.

सुरुवात वहीप्रमाणे झाली. मी माझं पहिलं वाक्य म्हटलं. नट आहे, चांगलंच म्हटलं. पुनाने शाळेतल्या कवितेसारखं म्हटलं. आम्ही नदीकाठी आलो. नाव आली. मंदाबाईंनी नक्कल डोळ्यांसमोर धरली आणि वाचलं, "चला..."

"अरे पन त्या हिरीचं काय झालं?"

मागून, दारातून. झुंबरबाई. डोक्यावर पदर, हातात सूप.

लोक वळले. कोणीतरी म्हणालं, "हो ना, विहिरीचं काय झालं?" नळावर ऐकलेल्या सगळ्या बायका कुजबुजायला लागल्या. आबा म्हणाले, "शांतता! मधे बोलायचं नाही."

मंदाबाई थांबल्या होत्या. पुढचं वाक्य कागदावर होतं. त्या गिरधरकडे पाहत होत्या. मीही. नट अडला की प्रॉम्प्टरने काय करायचं असतं ते मला ठाऊक होतं. त्याचे ओठ हललेसुद्धा.

मग गिरधरने टेबलावरून हात लांबवला आणि मंदाबाईंच्या हातातली नक्कल काढून घेतली. मग पुनाची. मग माझी. तिन्ही पानं जुळवून त्याने मांडीखाली ठेवली.

"झुंबरबाई, आत या," तो म्हणाला. आवाज विंगेतला नव्हता, मागच्या भिंतीपर्यंत गेला. "तुम्ही विहिरीपाशी उभ्या आहात. कुलूप आहे. काय करता?"

"काय करू म्हंजे? फोडते."

"टाका फासा. पाच किंवा सहा पाहिजे."

बाईंनी सूप बगलेत मारलं आणि फासा टाकला. दोन.

"तुटलं नाही!" आबा खुर्चीतून पुढे आले. "झालं समाधान? चला आता गडावर."

"तुटलं नाही," गिरधर म्हणाला. "पण तुम्ही अजून तिथेच आहात. आता काय करता?" हा प्रश्न त्याने आमच्याकडे न पाहता सगळ्या खोलीला विचारला.

मागच्या माणसांनी माना पुढे काढल्या. मग खिडकीतून एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "शेजारी दुसरी खना."

"खणू देईल का राजा?"

"राजाले इचारस कोन?" पुना ओरडला. "बठ्ठा गाव आपला शे!"

"माती मी उचलते," एक बाई म्हणाली. "माझे दोन पोरं पण." "पाणी कुठे लागेल ते मी सांगतो, मी पायाकडून जन्मलोय, पायाळूला जमिनीतलं पाणी कळतं." "कुंभार काय करतोय?" "कुंभार उभा आहे नुसता!" मी उठलो, मुठी वळल्या आणि म्हणालो, "कुंभाराला माती सांगायची गरज नाही. बाजूला व्हा!" टाळ्या पडल्या. खोटं कशाला सांगू, तीस वर्षं केलेल्या राजांना तशा कधी पडल्या नव्हत्या.

"गिरधर!" आबा उभे राहिले. गळ्यातला हार काढून त्यांनी हातात घेतला होता. "मी सही केली त्यात हे नाही."

"नाही, आबा."

"मग थांबव."

"खेळात तुम्ही राजा आहात. राजा म्हणून थांबवायचं असेल तर फासा टाका. सहा पडला तर यांची कुदळ-फावडी जप्त."

फासा आबांच्या पुढ्यात होता. सगळी खोली त्यांच्या हाताकडे बघत होती. आबांनी टाकला असता तर कदाचित त्यांनाही मजा आली असती, असं मला अजून वाटतं. वाईट माणूस नव्हता तो.

"राजा फासे टाकत नाही," आबा म्हणाले. "आणि अध्यक्षही नाही. ही खोली आजपासून बंद. चावी."

गिरधरने करगोट्याला बांधलेली चावी सोडून टेबलावर ठेवली. "खोली तुमची आहे, आबा. मी ती तुमच्याकडेच मागितली होती. पण मी लिहून दिलेलं खोटं होतं, ते माझं चुकलं. याची माफी मागतो. यांनी केलं त्याची मागणार नाही."

नकला मांडीखालून काढून त्याने आबांच्या हातात दिल्या आणि तो बाहेर पडला.

मी मागून धावलो. तो गल्लीत उभा होता. हात करगोट्याच्या रिकाम्या गाठीवर होता. "नाना," तो म्हणाला, "माझे रविवार गेले."

"गेले कुठे?" झुंबरबाई सूप घेऊन आमच्यामागून आल्या होत्या. "माझा ओटा काय ओस पडलाय? आनि हिर अर्धी खनून कोन सोडतं?"

पुढच्या रविवारी तीन वाजता ओट्यावर आम्ही चौघं होतो, आणि ओट्याखाली बारा माणसं. ओटा वाचनालयाच्या अगदी समोर, आबांच्या घरी जायच्या वाटेवर. गिरधर मुद्दाम मोठ्याने बोलायचा. आबा छत्री उघडून झपाझप निघून जायचे, पण विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी ते छत्री दुरुस्त करायच्या निमित्ताने कोपऱ्यावर चांगली पंधरा मिनिटं उभे होते, हे पुनाने पाहिलं. गिरधर आठवडाभर त्यांच्याच वाचनालयात पुस्तकं द्यायचा. कामावरून त्यांनी त्याला काढलं नाही. त्यालाही वाकणं जमलं नाही. माफीचा अर्ज लिहून दिलास तर खोली उघडतो, असा निरोप दोनदा आला. दोन्ही वेळा त्याने चहा पाजून निरोप्याला परत पाठवला.

आठ वर्षं तो ओट्यावर बसला. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात तो गेला, तोवर त्या गोष्टीतल्या गावात तीन विहिरी, एक शाळा आणि कुंभाराचं एक लग्न झालं होतं. सातपुड्यातला गड तसाच राहिला. मुकुट कोणी चोरला होता ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही आणि गिरधरने कधी सांगितलंही नाही.

त्याच्या हयातीतच, त्र्याण्णव साली, वाचनालयाची कमिटी बदलली होती. नव्या सेक्रेटरींनी वर्धापनदिनाला खेळ करण्याचं सन्मानाने आमंत्रण दिलं, खोलीही देऊ केली. पत्राच्या शेवटी एक ओळ होती: कार्यक्रमपत्रिकेत छापायचं आहे, तरी गोष्ट काय आहे ते चार ओळींत कळवावे.

गिरधरने माझ्यासमोर पोस्टकार्ड लिहिलं. तेच मुद्रण लाजेल असं अक्षर.

"स. न. वि. वि. आमंत्रण मिळाले, आनंद झाला. आम्ही येऊ. गोष्ट कळवण्यास काहीच हरकत नाही. खेळ तीन वाजता सुरू होतो. साडेपाचनंतर कळवतो."